माहेरी परतलेले नृत्य
मिलानच्या ला स्काला नृत्यसंघाची कथा

इटालियन भाषेत 'स्काला' म्हणजे जिना किंवा शिडी. त्यामुळे मिलान शहरातील 'तेआत्रो आल्ला स्काला' या जगद्विख्यात रंगमंदिराचे नाव ऐकले की, तेथे एखादा भव्य संगमरवरी जिना असावा, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात हे नाव एका चर्चचे आहे. व्हेरोना शहरावर राज्य करणाऱ्या देल्ला स्काला घराण्यातील रेजिना नावाची कन्या मिलानचे अधिपती बेर्नाबो व्हिस्कोंती यांना दिली होती. तिने १३८१ साली सासरच्या नगरात पवित्र मरियेच्या नावे एक चर्च उभारले. लोक त्या चर्चला 'सान्ता मारिया आल्ला स्काला' म्हणू लागले. सासरी बांधलेल्या मंदिराला माहेरचे नाव लागले, आणि पुढे तेच नाव एका रंगमंदिराने जगभर नेले.

त्याचे असे झाले. १७७६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मिलानमधील राजवाड्याचे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. त्या काळी मिलानवर ऑस्ट्रियाची सत्ता होती. सम्राज्ञी मारिया तेरेसा यांनी नव्या नाट्यगृहाला परवानगी दिली, सज्जांची मालकी असलेल्या धनिक कुटुंबांनी खर्चाचा भार उचलला आणि जागा म्हणून या जुन्या चर्चची निवड झाली. चर्च पाडण्यात आले. तेथील धर्मगुरूंचा संघ जवळच्याच सान फेदेले चर्चमध्ये गेला. ते चर्च मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी येशूसंघीयांसाठी बांधवून घेतले होते. पण १७७३ साली पोपमहोदयांच्या आज्ञेने येशूसंघ विसर्जित झाल्यामुळे ते रिकामे पडले होते. आजही रंगमंदिरापासून सान फेदेले पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

वास्तुशिल्पी जुझेप्पे पिएर्मारिनी यांनी उभारलेल्या या रंगमंदिराचा पडदा ३ ऑगस्ट १७७८ रोजी प्रथम उघडला. आन्तोनिओ सालिएरी यांची संगीतिका त्या रात्री सादर झाली आणि तिच्याबरोबर नृत्यनाट्येही झाली. म्हणजे ज्या दिवशी ला स्कालात पहिले गाणे झाले, त्याच दिवशी तेथे पहिले पाऊलही थिरकले. जगाला ला स्काला ठाऊक आहे ती गायकांमुळे, रोस्सिनी, व्हेर्दी आणि पुच्चिनी यांच्या संगीतिकांमुळे. पण याच छपराखाली वाढलेल्या नृत्यसंघाची आणि त्याच्या शाळेची कथा तितकीच मोलाची आहे. ती मुख्यतः एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती काय सोपवले, याची कथा आहे.

बॅले म्हणजे शब्दावाचून सांगितलेले नाट्य. त्याचा उगम इटलीतील राजदरबारांत झाला, तेथून ते फ्रान्समध्ये गेले, आणि म्हणूनच त्याची परिभाषा फ्रेंच आहे. ला स्कालात या कलेला प्रथम मोठेपण दिले ते साल्वातोरे विगानो यांनी. नेपल्समध्ये जन्मलेल्या विगानोंसाठी बेथोव्हेनने १८०१ साली व्हिएन्नात प्रॉमिथिअसच्या कथेवरील बॅलेचे संगीत रचले होते. १८१३ साली त्याच विषयावर त्यांनी ला स्कालात एक विशाल नृत्यनाट्य उभे केले. समूहातल्या प्रत्येक नर्तकाला स्वतंत्र हालचाल, स्वतंत्र भाव देण्याची त्यांची पद्धत होती. फ्रेंच साहित्यिक स्तांधाल त्यांचे निस्सीम चाहते होते.

त्याच १८१३ साली एक गोष्ट घडली. तिचा गाजावाजा विगानोंच्या नाट्याइतका झाला नसेल, पण तिचे फळ अधिक टिकले. रंगमंदिराचे व्यवस्थापक बेनेदेत्तो रिच्ची यांनी नृत्याची शाळा सुरू केली. तोवर नर्तक घराण्यांत तयार होत असत, बापाने मुलाला आणि मामाने भाच्याला शिकवावे असा रिवाज होता. आता सामान्य घरांतील मुलामुलींनाही दार उघडले.

या शाळेला तिचा खरा गुरू १८३७ साली लाभला. त्यांचे नाव कार्लो ब्लासिस. तरुणपणी, १८२० साली, त्यांनी मिलानमध्येच नृत्यकलेवरील एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. शरीर म्हणजे रेषा आणि कोन यांची रचना आहे, त्या रेषा डोळ्यांपुढे ठेवूनच विद्यार्थ्याने उभे राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिल्पकार जांबोलोन्या यांचा एका पायावर उभा असलेला मर्क्युरी देवतेचा ब्राँझ पुतळा पाहून त्यांनी बॅलेतील एका प्रसिद्ध स्थितीचे विवेचन केले. पुतळ्याने पुतळ्यासारखेच राहावे, पण नर्तकाने त्याच्याकडून तोल शिकावा! गिरकी घेताना डोके सर्वांत शेवटी वळवायचे आणि सर्वांत आधी परत जागेवर आणायचे, म्हणजे घेरी येत नाही, ही युक्तीदेखील त्यांच्या शिकवणुकीतील आहे. मुले लहान वयात दाखल होत, वर्षानुवर्षे शिकत, रोज तीन तास नृत्य आणि एक तास मूकाभिनय करीत. ब्लासिस यांच्या पत्नी आनुन्चाता रामाच्चिनी याही तेथे शिकवीत असत.

या शाळेचे नाव युरोपभर झाले. १८४१ साली पॅरिसमध्ये 'जिझेल' या बॅलेची पहिली नायिका झालेल्या कार्लोत्ता ग्रिसी यांचे शिक्षण मिलानमध्येच झाले होते. १८४५ साली लंडनमध्ये त्या काळच्या चार श्रेष्ठ नर्तिका एकाच रंगमंचावर आल्या, त्यांत ग्रिसींच्या शेजारी फॅनी चेरितो होत्या. त्यांनीही ब्लासिस यांच्याकडे धडे घेतले होते.

पण या मुली केवळ नाचत नव्हत्या, तर आपल्या काळात जगतही होत्या. १८४६ साली नववे पायस पोपपदावर आले आणि त्यांनी राजकीय कैद्यांना माफी दिली. परकीय सत्तेखाली असलेल्या इटालियन जनतेला त्यांच्यात आपला त्राता दिसू लागला. १८४८ च्या फेब्रुवारीत ला स्कालात 'फाउस्ट' हा बॅले होता आणि प्रमुख नर्तिका होत्या व्हिएन्नाच्या फॅनी एल्सलर. समूहातील मुली रंगमंचावर आल्या त्या गळ्यात पोपमहोदयांची प्रतिमा असलेली पदके घालून. ही ऑस्ट्रियाविरुद्धची निदर्शनेच आहेत, हे ओळखून एल्सलर यांनी पदके उतरवल्याखेरीज आपण रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, असे बजावले. पदके उतरली. प्रेक्षकांना ते कळले तेव्हा त्यांनी एल्सलर यांची एवढी हुर्यो उडवली की त्यांना मिलान सोडावे लागले. पुढच्याच महिन्यात मिलानची जनता रस्त्यावर आली आणि पाच दिवसांच्या लढ्यानंतर ऑस्ट्रियाच्या सैन्याला शहरातून माघार घ्यावी लागली. पुढे इतिहासाने निराळे वळण घेतले. पोपमहोदयांनी कॅथोलिक ऑस्ट्रियाशी युद्ध करण्यास नकार दिला आणि ऑस्ट्रियाचे सैन्यही परतले. पण त्या रात्री आपली भाकरी धोक्यात घालून पदके घातलेल्या त्या अनाम मुलींना विसरून चालणार नाही.

त्याच पिढीतील मारिएत्ता बादेर्ना ही ब्लासिस यांची विद्यार्थिनी १८४९ साली दूर ब्राझीलला गेली. रिओ शहरातील तरुण तिच्या नृत्यावर एवढे लुब्ध झाले आणि त्यांनी एवढा गोंगाट माजवला की, ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत 'बादेर्ना' हा शब्द धांगडधिंगा या अर्थाने रूढ झाला. आफ्रिकी गुलामांचे लोकनृत्य प्रतिष्ठित रंगमंचावर नेण्याचे धाडस तिने केले होते, हे मात्र त्या शब्दात उरले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ला स्कालाची दिशा बदलली. प्रेक्षकांना आता डोळे दिपवणारा थाट हवा होता. ११ जानेवारी १८८१ रोजी लुईजी मान्झोत्ती यांचा 'एक्सेल्सिओर' हा बॅले रंगमंचावर आला. कलावंतांची संख्या पाचशेच्या आसपास! प्रकाश आणि अंधार यांचे युद्ध हा विषय; आगबोट, विजेची तार, सुएझचा कालवा आणि आल्प्स पर्वतातील बोगदा ही प्रकाशाची शस्त्रे. अंधाराचे चित्र रंगवताना लेखकाने धर्मन्यायालयाच्या काळातील स्पेन निवडला होता. चर्च आणि नवे इटालियन राष्ट्र यांच्यात त्या काळी आलेल्या दुराव्याची ती खूण होय. हा बॅले कमालीचा लोकप्रिय झाला. परंतु देखावे वाढले तसतसा नर्तकाच्या कलेला वाव कमी झाला. संगीतिकेच्या देशात बॅलेला दुय्यम स्थान मिळू लागले. ज्यांना कला सिद्ध करायची होती, त्यांनी परमुलखाची वाट धरली.

ती वाट होती रशियाची. १८८५ साली व्हर्जिनिया झुक्की यांनी सेंट पीटर्सबर्ग जिंकले. १८९० साली चायकोव्हस्की यांच्या 'स्लीपिंग ब्यूटी'ची पहिली राजकन्या झाल्या ला स्कालाच्या कार्लोत्ता ब्रिआंत्सा. १८९२ साली 'नटक्रॅकर'मधील साखरपरी झाल्या आन्तोनिएत्ता देल्लेरा. आणि १८९५ साली 'स्वॅन लेक'च्या ज्या नव्या आवृत्तीवर पुढील सर्व प्रयोग उभे राहिले, तिच्यात शुभ्र आणि कृष्ण अशा दोन्ही हंसकन्या साकारल्या त्या पिएरिना लेन्यानी यांनी. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाच्या झटक्याने घ्यायच्या गिरकीला फुएते म्हणतात. लेन्यानी यांनी अशा बत्तीस गिरक्या सलग घेतल्या आणि राजधानी थक्क झाली. रशियन नर्तिकांनी हे रहस्य शोधण्यासाठी जिवाचे रान केले. गिरकी घेताना नजर एका बिंदूवर खिळवायची, हेच ते रहस्य. ब्लासिस यांची जुनी विद्या!

या विद्येचे सर्वांत मोठे वाहक ठरले एन्रिको चेकेत्ती. १८५० साली रोममधील एका नाट्यगृहाच्या रंगपटातच त्यांचा जन्म झाला, अशी या कुटुंबाची कथा. त्यांचे गुरू जोव्हान्नी लेप्री हे ब्लासिस यांचे शिष्य. १८८७ साली ते रशियात गेले आणि 'स्लीपिंग ब्यूटी'च्या पहिल्या प्रयोगात त्यांनी दुष्ट परी आणि निळा पक्षी अशा दोन परस्परविरुद्ध भूमिका एकाच रात्री केल्या. पण त्यांची खरी थोरवी शिक्षक म्हणून. हातातल्या काठीने ताल देत, शीळ घालत ते शिकवीत. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचे व्यायाम ठरलेले होते, म्हणजे शरीराचा एकही भाग उपेक्षित राहू नये. निजिन्स्की आणि कार्साविना त्यांचे विद्यार्थी होते. नाजूक बांध्याच्या आना पाव्हलोव्हा यांना पायांचे बळ दिले ते याच वृद्ध इटालियन गुरूने.

येथे या कथेचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. १९२२-२३ च्या हिवाळ्यात पाव्हलोव्हा आपल्या नृत्यसंघासह भारतात आल्या आणि मुंबईतही त्यांचे प्रयोग झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेला उदय शंकर नावाचा तरुण १९२३ साली लंडनमध्ये त्यांच्यासोबत राधाकृष्णाच्या नृत्यात कृष्ण झाला. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळा, असे पाव्हलोव्हा भारतीय कलावंतांना सांगत. पुढे खंडाळ्यात नृत्यशाळा काढणाऱ्या मॅडम मेनका यांनाही त्यांचे असेच प्रोत्साहन लाभले होते. स्वतः परक्यांकडून विद्या घेतलेली ही स्त्री दुसऱ्यांना मात्र त्यांच्या घरचे धन दाखवीत होती.

इकडे मिलानमध्ये पहिल्या महायुद्धात शाळा बंद पडली होती. संगीतसंचालक आर्तुरो तोस्कानिनी यांच्या नेतृत्वाखाली ला स्काला पुन्हा उभी राहिली आणि १९२१ साली शाळाही उघडली. आयुष्यभर परदेशी वावरलेल्या चेकेत्ती यांना तोस्कानिनी यांनी मायभूमीला बोलावून घेतले. पंचाहत्तरीचा हा गुरू त्या शाळेत शिकवू लागला आणि अखेरपर्यंत शिकवतच राहिला. १९२८ च्या नोव्हेंबरात वर्ग घेत असतानाच ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांची आवडती शिष्या चिया फोर्नारोली हिच्या हाती शाळा आली. पण काळ मुसोलिनीचा होता. फॅसिस्टांचे गीत वाजवण्यास नकार दिल्याबद्दल १९३१ साली बोलोन्यात तोस्कानिनी यांना मारहाण झाली. फोर्नारोली ही त्यांच्या पुत्राची जीवनसंगिनी. तिलाही लवकरच शाळा सोडावी लागली आणि पुढे दोघांनी अमेरिकेत आश्रय घेतला. तिच्या नावाने ओळखला जाणारा नृत्यविषयक ग्रंथांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. गुरूकडून मिळालेली ठेव तिने वनवासातही जपली.

१५ ऑगस्ट १९४३. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या रात्री मिलानवर बाँबचा वर्षाव झाला आणि ला स्कालाचे छप्पर कोसळले. ज्या भूमीवर एकेकाळी मरियामातेचे चर्च होते, तेथे तिच्याच सणाच्या रात्री केवळ भिंती उरल्या. युद्ध संपताच, शहरात घरांची वानवा असतानाही, मिलानकरांनी रंगमंदिराची उभारणी हाती घेतली. ११ मे १९४६ रोजी देशी परतलेल्या तोस्कानिनी यांनी तेथे पुन्हा वाद्यवृंद उभा केला.

त्याच १९४६ साली शाळेच्या दारात एक दहा वर्षांची मुलगी उभी होती. वडील ट्रामचालक, आई कारखान्यात कामाला. युद्धाची वर्षे आजोळच्या खेड्यात गुरावासरांत गेलेली. मुलगी किरकोळ अंगाची, म्हणून परीक्षकांनी तिला जवळजवळ परत पाठवले होते. केवळ चेहरा गोड म्हणून ठेवून घेतले, अशी आठवण ती पुढे सांगत असे. या मुलीचे नाव कार्ला फ्राच्ची. सुरुवातीला तिला शाळेचा कंटाळा येई. मग एकदा 'स्लीपिंग ब्यूटी'त तिला हातात मँडोलिन घेऊन नुसते उभे राहायचे काम मिळाले. समोर नाचत होत्या इंग्लंडच्या मार्गो फाँटेन. त्या दिवशी तिला नृत्य म्हणजे काय ते कळले.

तिला घडवणाऱ्या शिक्षकांत व्हेरा व्होल्कोव्हा होत्या. त्या रशियाच्या अग्रिपिना वागानोव्हा यांच्या शिष्या, आणि वागानोव्हांनी आपली पद्धत रचली ती पीटर्सबर्गला आलेल्या इटालियन नर्तकांचे बळ आणि तोल डोळसपणे अभ्यासून. म्हणजे ब्लासिस यांची विद्या साठसत्तर वर्षे रशियाच्या घरी सासुरवास काढून, तेथले लालित्य अंगी बाणवून, पुन्हा माहेरच्या उंबरठ्यावर आली होती. १९५८ साली फ्राच्ची ला स्कालाच्या प्रमुख नर्तिका झाल्या. वडिलांची ट्राम रंगमंदिरावरून जाई तेव्हा ते लेकीसाठी घंटा वाजवीत. एरिक ब्रून आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह यांच्यासोबत त्यांनी जगभर 'जिझेल' साकारली. परंतु खेड्यांतील चौकांत, तंबूंत आणि चर्चच्या आवारातही त्या तितक्याच मनोभावे नाचल्या. ट्रामचालकाच्या मुलीला ठाऊक होते की, मखमली खुर्चीपर्यंत सर्वांनाच पोहोचता येत नाही.

त्यांच्याच मागून आलेल्या लिलिआना कोसी यांची वाट आणखी वेगळी. सोव्हिएत रशियाशी झालेल्या देवाणघेवाणीत १९६० च्या दशकात त्यांना मॉस्कोत शिकण्याची संधी मिळाली आणि तेथे त्यांनी 'स्वॅन लेक'ची नायिका रंगवली. ला स्कालात सर्वोच्च मान मिळाला असतानाही, कियारा लुबिक यांनी स्थापन केलेल्या फोकोलारे चळवळीला त्यांनी आपले जीवन वाहिले. १९७७ साली रुमानियन नर्तक मारिनेल स्तेफानेस्कू यांच्यासह रेज्जो एमिलिया येथे त्यांनी नृत्यसंघ आणि शाळा उभारली. नृत्य हीदेखील सेवा होऊ शकते, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखवले. ला स्कालाच्याच शाळेतून आलेले रोबेर्तो बोल्ले १ एप्रिल २००४ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या चौकात, दुसरे जॉन पॉल पोपमहोदयांसमोर, तरुणाईच्या मेळाव्यात नाचले. तारुण्यात स्वतः रंगभूमीवर वावरलेले ते पोपमहोदय दुर्धर व्याधीने खुर्चीला खिळले होते. स्वतःच्या देहावर ताबा उरला नसलेला एक वृद्ध, देहावर पूर्ण ताबा मिळवलेल्या एका तरुणाकडे पाहत होता.

ही कथा केवळ गौरवाची नाही. देहाला साधन बनवणाऱ्या कलेत देहाची हेळसांड होण्याचा धोका असतोच. उपासमारीने कृश होणाऱ्या नर्तिकांविषयी जाहीरपणे बोलल्यावर ला स्कालातील एका नर्तिकेला २०१२ साली कामावरून कमी करण्यात आले. ती न्यायालयात गेली आणि २०१६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ज्या शाळेत आईबाप आपली लेकरे विश्वासाने सोपवतात, तिने हा धडाही इतर धड्यांइतकाच मनावर घ्यायला हवा.

जानेवारी २०२१. महामारीमुळे रंगमंदिर प्रेक्षकांविना होते. बॅलेचे संचालक मानुएल लेग्री यांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या फ्राच्ची यांना 'जिझेल'च्या तालमीसाठी पाचारण केले. पुष्कळ वर्षांनी त्या या घरात आल्या होत्या. निकोलेत्ता मान्नी आणि मार्तिना आर्दुइनो या तरुण नर्तिकांना त्यांनी हाताची ठेवण दाखवली, नजर कोठे वळवावी ते सांगितले. चारच महिन्यांनी, २७ मे रोजी, त्या निवर्तल्या. त्यांचे पार्थिव ला स्कालाच्या दालनात ठेवण्यात आले आणि मिलानकरांनी रांगा लावून दर्शन घेतले. सान मार्को चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला.

चित्रकाराचे चित्र उरते, कवीची ओवी उरते. नर्तकाचे काहीच उरत नाही. पडदा पडला की पाऊल पुसले जाते. म्हणूनच या कलेत गुरूचे मोल सर्वाधिक. ब्लासिस यांनी लेप्रींना दिले, लेप्रींनी चेकेत्तींना, ते रशियाला गेले आणि फिरून मिलानला आले; अखेरीस एका ट्रामचालकाच्या लेकीने ते पुढच्या मुलींच्या हाती ठेवले. स्काला म्हणजे शिडी, हा अर्थ नावापुरता नसला तरी कामापुरता खरा ठरला. शिडीची प्रत्येक पायरी आपल्या जागीच राहते. तिच्यावर पाय ठेवून दुसरे कोणी वर जाते, यातच तिचे सार्थक.